सात फुटांची भिंत

दुसऱ्याने ठरवलेली घराची किंमत पुन्हा तपासून 'ही चुकली आहे' असं लिहायला निजामाच्या राज्यात सनद लागत असे. माझी किंमत ठरवताना आपण चुकलो, हे सांगायला माझ्या सासऱ्यांना मात्र कधीच सनद लागली नाही. ते काम ते फुकट करत, आणि शक्यतो चार माणसांत करत.

त्यांचाही दोष नव्हता. लग्न जमवताना आमच्या वडिलांनी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की पोरगा जालन्याच्या कचेरीत घरमोजणीला आहे, वर्षभरात पडताळणीची सनद मिळेल, मग स्वतंत्र टेबल, खुर्ची आणि हाताखाली माणूस. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी फीत धरूनच होतो. म्हणजे अगदी खरोखरची फीत. मोजणीचे मुनशी एका टोकाला उभे राहून आकडे लिहीत आणि मी दुसरं टोक भिंतीला दाबून धरत असे. या कामाला फार अक्कल लागत नाही, खिळासुद्धा हे करू शकतो. (हे वाक्य माझं नाही, सासऱ्यांचं आहे.)

सासुरवाडी अंबड तालुक्यातल्या एका गावात. सणावाराला गेलो की पहिला घास तोंडात जायच्या आत सासरे विचारत, "मंग, जावईबापू, आली का सनद?" मी घास चावण्याचं सोंग करत असे. एक घास मी किती वेळ चावू शकतो, याचं माझं मलाच आश्चर्य वाटे. पण स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बायको तेवढा वेळ मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राही, ते मात्र मला फार लागे. माझं काय, मी गाडीत बसून जालन्याला निघून जाणार. तिला बहिणी-भावजयांत आणखी आठ दिवस काढायचे असत.

म्हणून त्या वर्षी मी परीक्षेला बसलोच. लेखी पेपर उर्दूत होता. शेजारच्या मौलवीसाहेबांकडे चार महिने बसून मी उर्दू घोटलं. मौलवीसाहेब भला माणूस. माझं अक्षर बघून ते एवढंच म्हणाले, की वाचणाऱ्याला अल्ला सबुरी देवो. ती दिली असावी, कारण मी लेखीत पास झालो.

राहिली प्रत्यक्ष परीक्षा. सरकारी ठेक्याला जामीन राहिलेल्या लोकांच्या घरांची किंमत आधीच एका रजिस्टरात नोंदलेली असे. परीक्षक त्यातलं एक घर निवडणार. उमेदवाराने ते त्यांच्यासमोर पुन्हा मोजायचं, आधीच्या माणसाच्या नोंदीशी ताडून बघायचं आणि तिथंच बसून अहवाल लिहायचा. अट एकच होती. घर उमेदवाराच्या नात्यातलं नसावं. असलं तर त्याने आधी सांगायचं, मग परीक्षा पुढच्या साली.

परीक्षक साहेब औरंगाबादेहून आले होते. पिकलेली दाढी, बारीक आवाज आणि हातात पानाचा डबा. अंबडच्या कचेरीत त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि गावाचं नाव वाचलं. गाव माझ्या सासुरवाडीचं! मी मनाशी म्हटलं, गावात घरं काय थोडी आहेत? बैलांच्या दमणीत बसल्यावर त्यांनी मालकाचं नाव वाचलं. आता मात्र मनाशी म्हणायला काही उरलं नाही.

तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. पण आत 'आली का सनद' घुमत होतं आणि आणखी एक वर्ष घास चावायची माझ्या जबड्यांची तयारी नव्हती. मी जांभई आल्यासारखं करून तोंड मिटलं. तासाभराचा तर प्रश्न, मी ओळख दाखवणार नाही, ते दाखवणार नाहीत, असा माझा हिशेब होता. मोजणीतल्या माणसाने असे हिशेब करू नयेत.

वेशीत साहेब म्हणाले, घर कुठंय ते कुणाला तरी विचारा. ज्या घरी मी दिवाळीला तीनदा अभ्यंगस्नान केलं होतं, त्या घराचा पत्ता मी पारावरच्या एका म्हाताऱ्याला विचारला. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून मला नीट न्याहाळलं.

"सवताच्या सासऱ्याचं घर इच्चारून राह्यले, व्हय?" तो म्हणाला. "तब्येत बराबर हाये ना?"

मी घाईघाईने साहेबांकडे बघितलं. ते पानाला चुना लावण्यात गुंग होते. त्यांना मराठी येत नसावं, असं मी ठरवून टाकलं.

घरी आणखी बहार झाली. सासरे ओट्यावर उभे होते. मी साहेबांच्या पाठीमागून डोळे मिचकावून, मान हलवून, बोट ओठांवर ठेवून त्यांना बजावलं, की ओळख दाखवू नका. त्यांनी जावयाला झटका आला असं समजून घरात कांदा आणायला ओरडून सांगितलं. अखेर त्यांना मुद्दा कळला, असं मला वाटलं. पण जावई दारात आल्यावर काय करायचं हे त्या घराच्या हातापायांना ठाऊक होतं, तिथं डोक्याला कोण विचारतो? पाय धुवायचं पाणी आधी माझ्यापुढं आलं. गादीवर मला बसवलं आणि परीक्षक साहेबांना सतरंजी! सासूबाई मला बघताच पदर ओढून दाराआड झाल्या. साहेब माझ्यापुढे आत शिरले तेव्हा मात्र त्या खुशाल उघड्या तोंडाने शेंगा फोडत बसल्या होत्या. मी गादीवरून उठून सतरंजीवर बसलो, तर सासऱ्यांनी मला दंडाला धरून परत गादीवर बसवलं. असं दोनदा झालं. साहेब शांतपणे बघत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ते लढाईचे दिवस होते आणि लेव्ही चालू होती. शेतकऱ्याने घरखर्चापुरती ज्वारी ठेवायची आणि बाकीची सरकारी कोठारात घालायची, असा हुकूम. घरखर्चाला किती लागते, हे ज्याने कुणी ठरवलं होतं, तो आमच्या सासुरवाडीत कधी जेवायला बसला नसावा. खाणारी तोंडं चौदा, आणि आदल्या साली पावसाने पाठ फिरवलेली. लेव्हीवाले घरात शिरून कणग्यांत काठ्या खुपसून बघत. लपवलेलं धान्य सापडलं तर जप्ती, वर खटला. हे सगळं मला ठाऊक होतं. सासऱ्यांनी त्यावर काय इलाज केला होता, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी माणसाला कोण सांगणार, मग तो जावई का असेना?

मी मोजायला सुरुवात केली. डोक्यावर कचेरीतल्या एका सोबत्याची गोंडेदार रुमी टोपी, अंगात त्याचीच शेरवानी (तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता). आयुष्यात पहिल्यांदा फितीचं दुसरं टोक दुसऱ्या कुणाच्या हातात होतं. ते सासऱ्यांच्या हातात होतं. या सुखाचं वर्णन करता येत नाही. "जरा दाबून धरा," असं मी त्यांना चार वेळा सांगितलं. त्यातल्या तीन वेळा गरज नव्हती.

घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओळीने दोन खोल्यांचं. बाहेरून लांबी चाळीस फूट. आतून एक खोली पंधरा, दुसरी चौदा. दोन्ही टोकांच्या भिंती दोन-दोन फुटांच्या. मी बेरीज केली, तेहेतीस. पुन्हा केली, तरी तेहेतीसच. म्हणजे दोन खोल्यांच्या मधली भिंत सात फूट जाड होती! आधीच्या मुनशीने नोंदीत लिहिलं होतं, 'मधली भिंत जाड.' हे मुनशी बाजेवर बसून, चहा पीत घर मोजण्याबद्दल प्रसिद्ध होते. बाजेवरून भिंत त्यांना तेवढीच दिसली असणार.

माझ्या अंगावर काटा आला. पडताळणीवाल्याला जन्मात एकदा सापडावी अशी चूक मला परीक्षेतच सापडली होती. साहेब तेवढ्यात पलीकडच्या खोलीत गेले होते, म्हणून मी घसा साफ केला आणि उर्दूत, शक्य तितक्या मोठ्या आवाजात, जाहीर केलं, की हुजूर, पहिली नोंद साफ चुकीची आहे, सात फुटांची भिंत कुणी बांधत नाही, या भिंतीत खोली आहे!

फितीचं टोक सासऱ्यांच्या हातातून सुटून सरसरत माझ्याकडे आलं. स्वयंपाकघराच्या दारात माहेरपणाला आलेली माझी बायको उभी होती. ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती आणि मान जोरजोरात हलवत होती. माझं कौतुक तिच्या डोळ्यांत मावत नाही, असं मला वाटलं. तीन वर्षांनी तिची मान वर झाली होती. मला भरून आलं आणि मी आणखी मोठ्याने म्हणालो, की नुसतं सांगत नाही, सिद्धच करून दाखवतो. दाराजवळची पहार उचलून मी भिंतीच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक सणसणीत टोला हाणला.

पोपडा उडाला. मग काहीतरी बारीक, गार, माझ्या पायाच्या बोटांवर पडायला लागलं. मी खाली बघितलं. ज्वारी होती.

जुन्या घरांत बळद असतं. दोन भिंतींच्या मध्ये धान्याची बंद खोली. वरून माळवदाच्या भोकातून धान्य ओतायचं आणि खाली वीतभर उंचीवर ठेवलेल्या तोंडातून लागेल तसं काढायचं. ते तोंड चिंध्यांनी बुजवून सासऱ्यांनी वर शेणामातीचा हात फिरवला होता. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला सात फुटांची भिंत म्हणजे काय ते कळलं असतं. ते न कळायला चार महिने उर्दू शिकावं लागतं.

साहेब पलीकडच्या खोलीतून इकडेच येत होते. मी फटकन खाली बसलो आणि पाठ भिंतीला टेकवली. ज्वारी पाठीवरून घरंगळत शेरवानीत शिरायला लागली. पाठीने भागेना. हाताशी काही नव्हतं, चिंधी नव्हती, माती नव्हती. मी डोक्यावरची टोपी काढली, पाठीमागे हात नेऊन ती त्या भोकात कोंबली आणि वर टेकून बसलो. धार थांबली. चौदा माणसांची वर्षाची भाकरी माझ्या पाठीमागे होती आणि मी घामाने निथळत होतो. सनद वगैरे सगळं विसरलो. मला फक्त ती टोपी मापाची असावी एवढंच वाटत होतं.

बोडकं डोकं घेऊन अधिकाऱ्यासमोर बसणं म्हणजे बेअदबी. आमच्याकडे तर घरातलं कुणी गेल्याशिवाय माणूस असा उघड्या डोक्याने बसत नाही. दाराआडून सासूबाईंनी मला तसं बघितलं आणि आत कुणीतरी रडायला सुरुवात केली.

साहेबांनी विचारलं, मियां, टोपी? मी म्हणालो, उकडतंय. साहेबांनी विचारलं, खोली? मी म्हणालो, हुजूर, माझी चूक झाली, ही भिंतच आहे. साहेबांनी विचारलं, सात फुटांची?

तेव्हा घरातले सगळे एकदम मदतीला धावले. सासरे म्हणाले, उन्हाळ्यात थंडावा राहावा म्हणून जाड बांधली. मेव्हणा म्हणाला, दरोडेखोरांच्या भीतीने. दाराआडून सासूबाईंचा हुंदका आणि त्याच्यामागून आवाज आला, की आमच्या सासऱ्याला माती उरल्ती. साहेबांनी तिन्ही कारणं ऐकून घेतली. मग ते पुढे आले आणि माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर काठीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली. भदभद असा आवाज आला. बळद गळ्यापर्यंत भरलेलं होतं, ते पोकळ कुठून वाजणार? साहेबांनी मान डोलावली आणि ते मला म्हणाले, अब लिखो.

मी तिथंच बसून अहवाल लिहिला. पहिली नोंद बराबर आहे, मधली भिंत सात फूट जाडीची आणि भरीव आहे, मी स्वतः ठोकून खात्री केली आहे. एरवी उठून साहेबांसमोर बसून लिहायचं असतं. पायाला मुंग्या आल्या, असं मी सांगितलं. भिंतीला पाठ टेकल्यापासून मी बोललेलं ते एवढंच खरं वाक्य.

साहेब निघाले. दोन पावलं गेले आणि वळून माझ्या कमरेमागे बघत उभे राहिले. मी मान वळवून बघितलं. टोपी आत गेली होती, पण तिचा काळा गोंडा भरीव भिंतीतून बाहेर लोंबत होता.

त्यांनी मला गाडीपर्यंत पोचवायला बोलावलं. सासरे तेवढ्यात मी सोडलेल्या जागेवर पाठ टेकून बसले, अगदी सहज ऊन खायला बसल्यासारखे. (तिथं ऊन येत नाही.) गाडीपाशी आम्ही दोघंच होतो. साहेबांनी डबा उघडून मला पान दिलं.

"ससुराल है?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"देखो बेटा," ते हळूच म्हणाले. "मैं तुमको पास करूं, तो कागज पे कमरा लिखना पड़ता. फेल करूं, तो दीवार. तुम बोलो, क्या लिखूं?"

पान तोंडात होतं, पण या वेळी मी चावत बसलो नाही. म्हणजे बसावंसं फार वाटलं. त्या एका क्षणात मला स्वतंत्र टेबल दिसलं, खुर्ची दिसली, सासऱ्यांच्या ओट्यावर ताठ मानेने बसलेलो मी दिसलो. मग बायको पदराचं टोक गुंडाळताना दिसली. आणि मग त्या घरातल्या चौदा थाळ्या दिसल्या.

"दीवार, हुजूर," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, ते चुना जास्त झाल्यामुळे, असं मी दाखवलं.

त्यांनी माझ्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. "टोपी रहने दो," ते गाडीत चढता चढता म्हणाले. "दीवार को सर्दी हो जाएगी."

निकाल महिन्याने आला. 'उमेदवार स्वतःच्या मापावर ठाम राहत नाही. नापास.' गाडीपाशी काय झालं ते मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "नापास झालेला माणूस असंच कायबाय सांगतो." बायकोला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस! पण ती जरा वेळाने म्हणाली, "ते समदं खरं. पण अहो, मंग आधी खोली हाये, खोली हाये म्हून गाव गोळा कशाला केल्तं?"

मी नापास झाल्याची बातमी गावात सासऱ्यांनीच पसरवली. त्यांना पसरवावीच लागली. जावई 'भिंतीत खोली आहे' असं ओरडलेलं अर्ध्या गल्लीने ऐकलं होतं. आता जावई मूर्ख आहे, हे ठसल्याशिवाय भिंतीवरचा संशय जाणार नव्हता. त्यांनी हे काम इतकं मन लावून केलं, की पंचक्रोशीत मला 'भिंतवाले जावई' म्हणत. मी समोर असलो की ते जरा जास्तच रंगवून सांगत आणि मी हसून मान डोलवत असे. त्या वर्षी त्या घरात कुणी उपाशी झोपलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं.

पुढे लेव्हीवाले आलेच. त्यांनीही बाहेरून चाळीस आणि खोल्या, टोकाच्या भिंती धरून तेहेतीस अशी बेरीज केली आणि पहारी मागवल्या. सासऱ्यांनी कचेरीतून काढून ठेवलेली माझ्या अहवालाची नक्कल पुढे केली. परीक्षक साहेबांची सही, शिक्का, 'भिंत भरीव.' लेव्हीवाल्यांनी कागद वाचला, सलाम केला आणि ते चहा पिऊन गेले.

दुसऱ्या साली मी पास झालो. (घर अनोळखी माणसाचं होतं, भिंती दोन फुटांच्या होत्या.) सनद मिळाली, टेबल मिळालं, हाताखाली फीत धरायला माणूसही मिळाला. निजाम गेला, राज्यं बदलली, मी मात्र निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढत राहिलो. माझे शेकडो अहवाल वर गेले. सगळे खरे, सगळे तीन-तीनदा मोजलेले, आणि एकूण एक अहवाल वरच्यांनी हरकत काढून परत पाठवला. एकही शंका न घेता सरकारने डोळे मिटून मान्य केलेला माझा अहवाल आयुष्यात एकच. ज्यात मी नापास झालो, तो!